सत्त्याण्णव सालचा खोका

चतुर्थीच्या आधी आमच्या घरी मोठी साफसफाई निघते. माळ्यावरून माटोळीची चौकट खाली काढायची असते, आणि तिच्यापुढे वर्षभरात जे जे सारून ठेवलेलं असतं ते आधी उतरवावं लागतं. गेल्या खेपेला त्या अडगळीतून एक पुठ्ठ्याचा खोका खाली आला. (राजकारणातला खोका नव्हे, एवढं माझं नशीब कुठलं!) आत चाळीसेक कॅसेटी. निम्म्यांच्या फितीला पांढरी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यापुढे पुस्तकं टिकत नाहीत, तिथे कॅसेटींचं काय?

बायकोने विचारलं, "टाकून द्यायच्या ना?" मुलाने एक कॅसेट उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "पपा, ह्यात किती गाणी मावायची?" मी म्हटलं, "बारा." तो हसला. त्याच्या खिशातल्या मोबाईलमध्ये जगातली झाडून सगळी गाणी आहेत. बारा गाण्यांसाठी कुणी महिनाभर पैसे साठवत असे, हे त्याला पटेना.

मी मात्र खोका घेऊन सोप्यावर बसलो. एकेका कॅसेटीवरचं बारीक अक्षर वाचता वाचता ध्यानात आलं की बहुतेकींवर एकच साल आहे : १९९७. हा काही दैवी योगायोग नव्हे. त्या वर्षी मी सतरा वर्षांचा होतो, वाड्यावरच्या लहान मुलांच्या शिकवण्या घेत होतो आणि पहिल्यांदाच हातात स्वतःचे पैसे खेळत होते. हिंदी कॅसेटीच्या दुप्पट-तिप्पट किमतीला इंग्रजी कॅसेट मिळायची. तेव्हा जी घेतली ती पाठ होईपर्यंत ऐकायची, आवडली नाही तरी ऐकायची. पैसे गेलेले असायचे ना!

तर मंडळी, मी काही संगीतातला जाणकार नव्हे. कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीतला कारकून. पण त्या दिवशी एक ठरवलं. म्हापसा ते पणजी ही माझी रोजची वारी. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. म्हणजे जाताना ए बाजू, येताना बी बाजू. त्या खोक्यातले, आणि त्याच सालचे पण तेव्हा हुकलेले, असे अल्बम आता मोबाईलवर रोज एक ऐकायचे. अट एकच : नावडतं गाणं पुढे ढकलायचं नाही. महिनाभर हा नेम पाळला. त्यातून जे मत झालं ते इथे मांडतो आहे. पटलं तर घ्या.

आधीच सांगतो, 'जुनं ते सोनं' या म्हणीवर माझा आता विश्वास उरलेला नाही. सतराव्या वर्षी जे ऐकलं ते आयुष्यभर थोर वाटतं, ही कानांची नव्हे, वयाची करामत आहे. त्यामुळे मी आठवणींना साक्षीदार म्हणून बोलावलं, न्यायाधीश म्हणून नाही.

पहिला खटला ओएसिसचा.

'बी हिअर नाऊ' २१ ऑगस्ट १९९७ ला आला. त्याआधीच्या वर्षी नेबवर्थच्या माळावर दोन रात्रींत अडीच लाख माणसं या बँडला ऐकायला जमली होती. अल्बम आला त्या पहिल्याच दिवशी एकट्या ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक प्रती खपल्या. समीक्षकांनीही तोंड भरभरून कौतुक केलं. इकडे म्हापशात आम्ही तिघे मित्र ती कॅसेट आळीपाळीने घरी नेत होतो आणि जगातलं सर्वश्रेष्ठ काहीतरी ऐकत असल्याच्या थाटात माना डोलावत होतो.

परवा बसमध्ये ऐकली. म्हापशाहून निघालो, पर्वरी आली, मांडवीचा पूल ओलांडला, तरी गाणी संपता संपेनात! बारा गाण्यांची एकाहत्तर मिनिटं. एक गाणं तर नऊ मिनिटांच्या वर. गिटारीवर गिटार, तिच्यावर आणखी गिटार. भजनात एखादा हौशी झांजवाला इतक्या जोमाने झांज बडवतो की बुवांचे शब्द कुणालाच कळत नाहीत, तशातला प्रकार. चाली वाईट नाहीत. त्या ढिगाऱ्याखाली श्वास कोंडून पडल्या आहेत. ज्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला त्यांनीच वर्ष-दोन वर्षांत तो खाली आपटला. गंमत म्हणजे, तो लिहिणाऱ्या नोएल गॅलघरलाही पुढे तो जड गेला. २०१६ च्या नव्या आवृत्तीच्या वेळी सगळी गाणी छाटून आटोपशीर करायचं त्याने मनावर घेतलं. एक गाणं केलं आणि बाकीचं सोडून दिलं. २००९ मध्ये फुटलेला हा बँड २०२५ मध्ये पुन्हा मंचावर आला, लाखो लोक गेले. त्यांचं प्रेम खोटं नाही. पण या अल्बमापुरतं माझं मत असं की आपल्याभोवती 'नाही' म्हणणारं कुणी उरलं नाही की काय होतं, त्याचा हा नमुना आहे. हे कलेपुरतंच खरं आहे असं नाही. कचेरीतही मी ते पाहिलंय. असो.

दुसरा खटला खऱ्या अर्थाने खटलाच होता.

द वर्व्हचा 'अर्बन हिम्स' त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आला. त्यातलं 'बिटर स्वीट सिंफनी' ठाऊक नसलेला माणूस विरळा. व्हायोलिनांची ती फिरून फिरून येणारी ओळ अनेकांच्या मनात घर करून आहे. ती ओळ त्यांनी घेतली होती अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्राच्या एका जुन्या तबकडीवरून. ती तबकडी म्हणजे रोलिंग स्टोन्सच्या १९६५ मधल्या 'द लास्ट टाइम' या गाण्याचं वाद्यवृंदातलं रूप. वर्व्हने वापराची परवानगी घेतली होती. पण गाणं गाजू लागताच स्टोन्सच्या जुन्या गाण्यांचे हक्क ज्यांच्या हातात होते त्या अ‍ॅलन क्लाईन यांनी, ठरल्यापेक्षा जास्त भाग वापरला असा दावा लावला. परिणामी गीतलेखनाचे सगळे पैसे गेले, आणि गीतकार-संगीतकार म्हणून मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची नावं लागली. ग्रॅमीचं नामांकनसुद्धा त्यांच्याच नावाने! शब्द लिहिणारा रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट नुसता बघत राहिला. बावीस वर्षांनी, २०१९ मध्ये, जॅगर आणि रिचर्ड्स यांनी त्या गाण्यावरचा आपला हक्क सोडून त्याचा त्याला परत केला.

आणखी एक गंमत. स्टोन्सचं मूळ गाणं तरी कुठे संपूर्ण त्यांचं होतं? अमेरिकेतल्या स्टेपल सिंगर्स या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या एका भक्तिगीतावर ते बेतलेलं होतं. म्हणजे देवळातून रस्त्यावर, रस्त्यावरून वाद्यवृंदात आणि तिथून कोर्टकचेरीत असा त्या चालीचा प्रवास.

हे वाचताना मला आमच्या घरातली नाटकांची जुनी पुस्तकं आठवली. माझे वडील गावच्या उत्सवातल्या नाटकांत पदं म्हणायचे. त्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक ओळ असते : 'चाल' आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचं नाव. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासूनची ही रीत. कुठे लावणीची चाल, कुठे कीर्तनातली, कुठे कानडी पदाची. घेतलं ते उघडपणे घेतलं आणि कुणाचं घेतलं ते वर छापलं. आपल्या नाट्यसंगीताचा अख्खा वाडा अशा उसन्या चिऱ्यांवर उभा आहे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. मला वाटतं, चाल कुणाची हा प्रश्न विचारण्याची जागा कोर्ट नव्हे, पदाच्या वरची ती एक ओळ आहे. वर्व्हच्या कॅसेटीवर नुसतं 'चाल : अमुक' असं छापून, मिळालेले पैसे सरळ वाटून घेता आले असते तर बावीस वर्षं वाचली असती. अल्बम म्हणाल तर उत्तम टिकलाय. 'द ड्रग्ज डोन्ट वर्क' ऐकताना पुलावर गाडी अडकली होती आणि मला ती सुटू नये असं वाटत होतं.

आता माझ्या चुकीची कबुली.

रेडिओहेडचा 'ओके कंप्युटर' ब्रिटनमध्ये १६ जून १९९७ ला आला. मी तो वर्षअखेरीला घेतला, दोनदा ऐकला आणि एका मित्राला देऊन बदल्यात दुसरीच कॅसेट घेतली. मला तो रडका वाटला. बाथ शहराजवळच्या एका जुन्या वाड्यात तळ ठोकून त्यांनी त्यातला बराच भाग ध्वनिमुद्रित केला. जिना, हॉल, खोल्या, सगळ्यांचे घुमारे त्यात आहेत. अमेरिकेतल्या त्यांच्या कंपनीला तो ऐकून धडकी भरली. हे खपायचं नाही म्हणून त्यांनी विक्रीचे अंदाजही खाली आणले. म्हणजे मी आणि ती कंपनी, आमचं मत एकच होतं!

आज ऐकताना मला कळलं की तो अल्बम सतरा वर्षांच्या मुलासाठी नव्हताच. त्यात मोटारी आहेत, विमानं आहेत, एअरबॅग आहे, निवडणुकीतलं पोकळ बोलणं आहे, आणि सतत कुठेतरी पोचायची घाई असलेली माणसं आहेत. मधोमध एक गाणं असं की ते माणूस गातच नाही. मॅकिंटॉश संगणकाचा निर्विकार आवाज चांगल्या आयुष्याची यादी वाचत जातो. व्यायाम करावा, सहकाऱ्यांशी जमवून घ्यावं, अशा थाटाची. सत्त्याण्णवमध्ये मला हा चावटपणा वाटला होता. त्यानंतर मी नोकरीला लागलो. नोंदवह्या गेल्या, संगणक आले. मग फायलीसुद्धा पडद्यावर आल्या. आता दिवसाचे सात-आठ तास मी एका चौकोनापुढे बसतो आणि तो चौकोन मला तारखा, उद्दिष्टं आणि शिल्लक कामाचे आकडे सांगतो. माझ्या पिढीच्या कारकुनाला त्या यादीचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

आणि 'नो सर्प्रायझेस' हे गाणं. अंगाईसारखी चाल, लहान मुलांच्या खेळण्यातल्या सारखी किणकिणणारी घंटी, आणि आत एक थकलेला माणूस, ज्याला आता काहीच नवं घडायला नको आहे. मेरशीच्या बाजूने गाडी बसस्थानकात शिरत होती. शेजारच्या सीटवर माझ्यासारखाच एक डबेवाला नोकरदार डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, हे गाणं त्याच्याबद्दल आहे. मग वाटलं, तो डोळे उघडून माझ्याकडे बघेल तर त्यालाही हेच वाटेल. ज्याला मी रडका म्हटलं तो अल्बम खरं तर दयाळू आहे. इंटरनेट अजून घरोघरी पोचलं नव्हतं तेव्हा त्यांनी हे ओळखलं. यंत्रं कशी चालतील हे त्यांनी सांगितलं नाही. यंत्रांच्या सोबतीने माणूस किती एकटा पडेल, तेवढं सांगितलं. माझ्या यादीत पहिला नंबर याचा.

बाकीचे झटपट उरकतो. प्रॉडिजीचा 'द फॅट ऑफ द लँड' अजूनही अंगात येतो, पण दोन गाण्यांनंतर उतरतो. त्यात 'नारायण' नावाचं लांबलचक गाणं आहे आणि त्यात नारायणाच्या नामाचा घोष आहे. गायक कुला शेकर बँडचा क्रिस्पियन मिल्स. त्या काळी हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर रात्रभर जे वाजायचं त्याला जगाने 'गोवा ट्रान्स' असं नावच दिलं होतं. आम्हाला मात्र त्यातला फक्त दणदणाट ठाऊक. यू-टूचा 'पॉप' घाईत उरकल्यासारखा वाटतो. त्या मंडळींनी स्वतःच पुढे त्यातली काही गाणी पुन्हा घोटून बाहेर काढली. ब्यर्कचा 'होमोजेनिक' मला तेव्हा कुणी ऐकवला नाही याची आता खंत वाटते. आइसलँडच्या व्हायोलिनी आणि यंत्राचे ठोके यांचा इतका सुंदर संसार मी दुसरा ऐकलेला नाही. स्पाइस गर्ल्सची कॅसेट बहिणीची होती, तिला परत केली. आणि आपल्या रहमानचा 'वंदे मातरम्'! स्वातंत्र्याच्या पन्नाशीचा तो अल्बम. त्या वेळी राष्ट्रीय गीताच्या शब्दांना गिटार लावली म्हणून कपाळाला आठ्या घालणारे आमच्याकडेही होते. आज त्या आठ्या कुणाला आठवत नाहीत. त्यातच नुसरत फतेह अली खान रहमानबरोबर गायले, आणि १६ ऑगस्ट १९९७ ला ते गेले. पन्नाशीच्या उत्सवात सीमेपलीकडचा आवाज आहे, एवढ्यासाठी तरी तो अल्बम जपायला हवा.

सत्त्याण्णवचं खरं आश्चर्य मात्र म्हातारी माणसं आहेत. बॉब डिलन तेव्हा छप्पन्न वर्षांचा. 'टाइम आउट ऑफ माइंड' ध्वनिमुद्रित करून झाला आणि अल्बम बाहेर येण्याआधी, त्या मे महिन्यात, हृदयाच्या आवरणाला सूज येऊन तो रुग्णालयात होता. अल्बमात मरणाची चाहूल आहे असं लोक म्हणाले, पण ती गाणी आजारापूर्वीचीच. त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमाचं ग्रॅमी 'ओके कंप्युटर'ला मागे टाकून त्यालाच मिळालं. शेवटचं 'हायलँड्स' हे सोळा मिनिटांहून मोठं गाणं आहे. ओएसिसच्या नऊ मिनिटांना मी कंटाळलो, या सोळांना नाही. हा माणूस बोलत होता, ते ओरडत होते. 'मेक यू फील माय लव्ह' हे गाणं अडेलचं आहे असं माझ्या भाच्याला वाटत होतं. ते याच अल्बमातलं.

आणि 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'. हा काही रॉक अल्बम नव्हे, पण रॉक ऐकणाऱ्यांनीच तो जगभर पोचवला. क्युबाच्या हवानात मार्च १९९६ मध्ये राय कूडर हा अमेरिकन गिटारवादक गेला होता. आफ्रिकेतून यायचे होते ते कलाकार पोचलेच नाहीत. मग तिथल्याच जुन्या, विस्मृतीत गेलेल्या मंडळींची शोधाशोध झाली. कोंपाय सेगुंदो नव्वदीच्या उंबरठ्यावर, पियानोवादक रुबेन गोंसालेसच्या घरी धड पियानोही नाही, आणि गायक इब्राहिम फेरेर रस्त्यावर बूट पॉलिश करत होता. आठवड्याभरात मुद्रण आटोपलं. १९९७ मध्ये अल्बम आला आणि ही माणसं जगप्रसिद्ध झाली.

हे ऐकलं की गोव्याच्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. आपल्याकडे अशी माणसं कमी होती? लोर्ना कोर्देर यांच्यासारखी आवाजाची राणी वीसेक वर्षं गाण्यापासून दूर राहिली आणि १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात यांनी त्यांना पुन्हा मायक्रोफोनपुढे उभं केलं. ते एक पुण्यकर्म झालं. पण मुंबईच्या स्टुडिओंत उभं आयुष्य घालवून गावी परतलेले किती वादक आपल्या शेजारी नुसतेच म्हातारे होऊन गेले, त्याचा हिशेब कुणी ठेवला?

इथे मी खोक्यातल्या शेवटच्या कॅसेटीकडे येतो.

ती दुकानातली नव्हे. कोरी टीडीके कॅसेट, तिच्यावर माझ्याच अक्षरात 'कॉर्नरशॉप'. माझ्या एका मित्राचे काका तारवटी. त्यांनी बोटीवरून येताना एक सीडी आणली होती, तिच्यावरून मी ही भरून घेतली. अल्बमाचं नाव 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम', सप्टेंबर १९९७. कॉर्नरशॉप हा इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये सुरू झालेला बँड. त्यांचा त्जिंदर सिंग इंग्लंडमध्येच जन्मलेला पंजाबी. नावातच टोमणा आहे, कारण तिकडे कोपऱ्यावरचं किराणा दुकान म्हणजे आशियाई माणूस हे समीकरण. या अल्बमात बीटल्सचं 'नॉर्वेजियन वूड' पंजाबीत गायलेलं आहे. १९६५ मध्ये याच गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली होती. म्हणजे इथून गेलेलं त्यांनी इथल्या भाषेत परत आणलं.

पण अल्बम ओळखला जातो तो 'ब्रिमफुल ऑफ आशा'मुळे. ही आशा म्हणजे आशा भोसले. विलायतेत वाढलेल्या एका पोराने पार्श्वगायिकांना, छोट्या पंचेचाळीस आरपीएमच्या तबकड्यांना आणि सिनेमाने दिलेल्या आधाराला घातलेला हा नमस्कार. त्यात लता मंगेशकर, महंमद रफी यांचीही नावं येतात. पहिल्यांदा आलं तेव्हा ते ब्रिटनच्या यादीत साठाव्या नंबरवर अडकलं. मग फॅटबॉय स्लिमने त्याला वेग दिला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिल्या नंबरवर गेलं. माझं मत विचाराल तर मूळचं संथच चांगलं. अल्बमात भरतीची गाणीही आहेत, हे लपवत नाही. या एका गाण्यासाठी मात्र त्याला शंभर गुन्हे माफ.

तर, ९८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ. मी आतल्या खोलीत ही कॅसेट लावली होती. बाहेर सोप्यावर बाबा आणि शेजारचे मेस्त बसले होते. मेस्त म्हणजे आमच्या वाड्यावरचे एक ख्रिस्ती गृहस्थ. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकले, तरुणपणी मुंबईला गेले, सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवून म्हातारपणी गावी परतले. बाबा नाट्यपदांतले. इंग्रजी गाण्याला ते 'गलबलो' म्हणायचे. पण त्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "हें कोण रे आशाबायचें नांव घेता?"

मी कॅसेट थांबवलीसुद्धा नाही. म्हटलं, "तुमकां तें कळचें ना, बाबा."

ते काही बोलले नाहीत. परत जाऊन बसले.

आज मला त्या वाक्याची लाज वाटते. कारण साऱ्या गावात ते गाणं कळण्याजोगी दोनच माणसं होती, आणि ती दोघं सोप्यावर बसली होती. दीनानाथ मंगेशकरांचा जन्म १९०० सालचा, आपल्या मंगेशीचा. त्यांची पदं बाबांच्या ओठांवर. आशा त्यांची लेक. आणि ज्या तबकड्यांना त्या विलायती पोराने नमस्कार केला, त्यांत मागे वाजणाऱ्या व्हायोलिनी आणि ट्रंपेट कुणाच्या? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं आणि ज्यांच्या नावाचं गाणं 'अमर अकबर अँथनी'त आलं. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांची गाणी वाद्यवृंदासाठी बांधून देणारे सेबॅस्टियन डिसोझा. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. स्वरलिपी कागदावर लिहिणारी-वाचणारी ही गोंयकार मंडळी नसती तर ते वाद्यवृंद उभेच राहिले नसते. त्या छोट्या तबकडीत एका बाजूला मंगेशी होतं आणि तिच्याच मागच्या रांगेत माजोर्डा. दोन्ही गोवे एकाच खाचेत फिरत होते.

आम्ही मात्र गावात ते वेगळे ठेवले. 'आपलं' संगीत म्हणजे भजन, नाट्यगीत, आणि 'त्यांचं' म्हणजे मांडो, बँड, इंग्रजी गाणी. मराठी वाचणाऱ्या घरात गिटार म्हणजे बिघडल्याची खूण. मला वाटायचं मी ती भिंत तोडतोय, कारण मी इंग्रजी गाणी ऐकत होतो. प्रत्यक्षात मी तीच भिंत दुसऱ्या बाजूने लिंपत होतो. बाबांना जे 'आपलं नव्हे' वाटत होतं, त्याला मी 'तुमचं नव्हे' म्हटलं. फरक काय झाला?

मेस्त काही वर्षांत गेले. बाबाही आता नाहीत. मेस्तनी कुठल्या गाण्यांत वाजवलं हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जुने अल्बम पुन्हा ऐकायचे ते आपल्या तारुण्याची आरती ओवाळायला नव्हे. तेव्हा आपण कुठे चुकलो ते तपासायला ऐकायचे. मी ओएसिसला डोक्यावर घेतलं, तिथे चुकलो. रेडिओहेड देऊन टाकला, तिथे चुकलो. या चुका एका तासात सुधारता येतात, बसमध्ये बसून. आशाबायच्या गाण्याच्या वेळी झालेली चूक सुधारता येत नाही.

पण तुमच्या वाड्यावर अजून एखादे मेस्त असतील. एखाद्या घरी जुन्या नाटकांची पुस्तकं असतील, पदांवर चाली छापलेली. आणि तुमची मुलं कानांत काहीतरी घालून बसलेली असतील, तुम्हाला न कळणारं. या तिघांना एका सोप्यावर बसवा. त्यासाठी चतुर्थीसारखा दिवस नाही. घर भरलेलं असतं, आरत्या झाल्यावर कुणाला घाई नसते.

खोक्याचं काय झालं? बुरशीच्या कॅसेटी टाकल्या. सहा ठेवल्या. टीडीकेची फीत चिकटलेली आहे, ती पुन्हा वाजणार नाही हे मला ठाऊक आहे. तीही ठेवली. चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री मी मुलाला मोबाईलवर 'ब्रिमफुल ऑफ आशा' लावायला सांगितलं, मूळचं, संथ. तो अर्धं ऐकून म्हणाला, "पपा, ही आशा कोण?"

मी कळायचं नाही असं म्हटलं नाही. मंगेशीपासून सुरुवात केली. बराच वेळ लागला.